ईस्ट ब्रिज, खोली क्रमांक २०१

कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावात कॅलटेकच्या आवारात ईस्ट ब्रिज नावाची इमारत आहे. नावातला ‘ब्रिज’ म्हणजे पूल नव्हे, ते नॉर्मन ब्रिज नावाच्या डॉक्टरांचं आडनाव. त्यांच्या देणगीतून १९२२ साली इथं भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथल्या २०१ क्रमांकाच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांचे बाक आणि समोर फळा असं व्याख्यानगृह आहे. सप्टेंबर १९६१ ते १९६३ चा उन्हाळा या काळात याच खोलीत आठवड्यातून दोनदा एक वर्ग भरत असे. पहिल्या वर्षाची सुमारे १८० मुलं बाकांवर असायची आणि फळ्यापाशी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन.

मी तिथं कधी गेलो नाही. पण तीस वर्षं एका तालुक्याच्या गावी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि त्या सगळ्या काळात मनानं बसलो तो याच वर्गात. म्हणून या वर्गाची वाटचाल लिहून काढावी असं बरेच दिवस मनात होतं. फाइनमन यांच्याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. त्यांचे बोंगो, त्यांनी उघडलेल्या तिजोऱ्या, त्यांचे किस्से सगळ्यांना माहीत असतात. पण वर्ग एकट्या माणसाचा नसतो. त्याच्यामागं संस्था उभी असते, आणि तो संपल्यावर पुढं काय करायचं हेही संस्थेलाच ठरवावं लागतं.

या संस्थेची सुरुवात अगदी साधी होती. शिकागोहून पासाडेनात येऊन राहिलेले अमोस थ्रूप यांनी १८९१ मध्ये हातकामाला महत्त्व देणारी एक शाळावजा संस्था काढली. तिचा कायापालट करायचं मनावर घेतलं ते खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी. शेजारच्या माउंट विल्सनवर १९०४ साली त्यांनी वेधशाळा उभारली होती. डोंगरावर दुर्बीण आहे, तर पायथ्याशी विज्ञान शिकवणारी तोलामोलाची संस्थाही हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९०७ मध्ये ते संस्थेच्या विश्वस्त मंडळावर आले. १९२० साली संस्थेचं नाव बदलून ‘कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’, म्हणजेच कॅलटेक, झालं, आणि पुढच्याच वर्षी शिकागोहून रॉबर्ट मिलिकन येऊन दाखल झाले. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारे ते हेच मिलिकन. १९२३ चं नोबेल त्यांना मिळालं. पहिल्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र नीट, कसून शिकवायचं ही शिस्त त्यांनी लावली. त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत लिहिलेलं यंत्रशास्त्र, उष्णता आणि ध्वनी या विषयांचं पाठ्यपुस्तक १९३७ मध्ये निघालं आणि वर्षानुवर्षं तेच चाललं.

पुढची अडचण त्या शिस्तीतूनच निर्माण झाली. पुस्तक चांगलं होतं, पण जग पुढं गेलं होतं. १९३२ साली याच संस्थेत कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला होता, तरी पहिल्या वर्षाच्या मुलाला त्याचा पत्ता नसायचा. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि विज्ञानशिक्षणाचं काय, या प्रश्नानं सगळी अमेरिका हलली. शाळांचे अभ्यासक्रम नव्यानं घडू लागले. कॅलटेकला येणारी मुलं आपापल्या गावातली सर्वांत हुशार मुलं असत. सापेक्षता आणि क्वांटम यांबद्दल वाचून, डोळ्यांत चमक घेऊन ती यायची. इथं मात्र दोन वर्षं उतरणीवरून घसरणारे ठोकळे आणि विद्युतभार असलेले गोळे यांतच जायची. बरीच जणं त्या दोन वर्षांतच विझून जायची.

हे ज्यांना बघवेना त्यांत मॅथ्यू सँड्स होते. लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेला हा माणूस १९५० पासून कॅलटेकमध्ये शिकवत होता. प्राथमिक अभ्यासक्रमात आधुनिक भौतिकशास्त्र जवळजवळ नाहीच, हे पाहून त्यांनी विभागाकडं बदलाचा तगादा लावला. फोर्ड फाउंडेशनचा पैसा मिळाला आणि रॉबर्ट लेटन, व्हिक्टर नेहर व सँड्स असे तिघं कामाला लागले. लवकरच मतभेद झाले. लेटन यांचा ओढा जुन्याची डागडुजी करण्याकडं होता आणि सँड्स यांना पायापासून नवं बांधायचं होतं. या ओढाताणीत सँड्स यांना सुचलं की हा सगळा अभ्यासक्रम फाइनमननाच शिकवायला सांगावा. सँड्स यांनी पुढं लिहिलं आहे की फाइनमन यांचा पहिला प्रश्न होता, पहिल्या वर्षाच्या मुलांना कुणा मोठ्या भौतिकशास्त्रज्ञानं असा पूर्ण अभ्यासक्रम आजवर शिकवला आहे का? आपल्या माहितीत नाही, असं सँड्स म्हणाले. मग मी शिकवतो, असं उत्तर आलं.

फाइनमन तेव्हा ४३ वर्षांचे होते. कॉर्नेल सोडून १९५० साली ते कॅलटेकला आले होते, आणि मध्यंतरी ब्राझीलमध्येही शिकवून आले होते. ब्राझीलचा तो अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथली मुलं व्याख्या धडाधड सांगायची. अमुक अपवर्तनांक असलेल्या पृष्ठभागावरून अमुक कोनात परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवीत असतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. फाइनमन यांनी त्यांच्या हाती पोलरॉइडची पट्टी दिली आणि खिडकीतून समोरच्या उपसागराच्या पाण्याकडं बघायला सांगितलं. पट्टी फिरवली की पाण्यावरची चमक मंदावते आणि पुन्हा वाढते. मुलं चकित झाली. तोंडपाठ असलेली व्याख्या आणि समोर चमकणारं पाणी एकच आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नव्हतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण मी जिथं शिकलो आणि जिथं शिकवलं, तिथलंच हे वर्णन होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात पोलरॉइडच्या दोन चकत्या होत्या. त्या फक्त साखरेच्या द्रावणाच्या प्रयोगासाठी, प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या आधी काढायच्या आणि मोजून परत ठेवायच्या. निरीक्षणाचे आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवले जायचे आणि सगळ्यांना ते ठाऊक असायचं. त्या वर्षी पावसाळ्यात मी चकत्या घेतल्या आणि दुसऱ्या वर्षाची अठरा-वीस मुलं घेऊन मागच्या ओढ्यावर गेलो. पाणी किंचित गढूळ होतं आणि ढगांतून अधूनमधून तिरपं ऊन पडत होतं. एकेकानं चकती डोळ्यासमोर धरून फिरवली. पाण्यावरची चकाकी गेली आणि खालचे दगड दिसले, तसा एक मुलगा ओरडला. एक मुलगी काहीच बोलली नाही. तिनं चकती परत दिली, रांगेत मागं गेली आणि पुन्हा पुढं आली. असं तिनं चार वेळा केलं. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

तर सप्टेंबर १९६१ मध्ये वर्ग सुरू झाला. आठवड्याला दोन व्याख्यानं. त्यानंतर पंधरा-वीस मुलांचे गट करून शिकवणी आणि आठवड्यातून एकदा प्रयोगशाळा. संस्थेनं ध्वनिमुद्रणाची सोय केली होती आणि फळा पुसण्याआधी त्याचं छायाचित्र घेतलं जायचं. मुद्रण ऐकून कुणीतरी ते टंकून काढायचं, त्यानंतर लेटन आणि सँड्स तो मजकूर वाचनीय करायला बसायचे. बोललेलं नुसतं टंकलं की पुस्तक तयार होईल, असा सुरुवातीला अंदाज होता. तो पार चुकला. बोलताना हातवारे, फळा, आवाजाचे चढउतार सगळं अर्थ सांगत असतं, कागदावर त्यातलं काही उरत नाही. एकेका व्याख्यानावर भौतिकशास्त्राच्या जाणकारानं दहा-वीस तास खर्च करावे लागले. लेटन यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. पण आपल्या हाती या व्याख्यानांचे जे तीन खंड येतात त्यांतल्या पानापानावर त्यांचे हे तास आहेत.

त्या खोलीत काय शिकवलं जात होतं याचा अंदाज यावा म्हणून एक व्याख्यान जरा जवळून बघू. विषय ऊर्जेची अक्षय्यता. आपल्याकडं हा विषय ‘ऊर्जा निर्माण करता येत नाही व नष्ट करता येत नाही’ या वाक्यानं सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथंच संपतो. फाइनमन यांनी सुरुवात केली व्यंगचित्रातल्या डेनिस या खोडकर मुलापासून. डेनिसकडं २८ ठोकळे आहेत, न फुटणारे आणि न झिजणारे. आई रोज संध्याकाळी ते मोजते. एके दिवशी २७ भरतात, शोधल्यावर एक सतरंजीखाली सापडतो. एके दिवशी २६ भरतात, खिडकी उघडी असते आणि दोन बाहेर पडलेले असतात. एके दिवशी मात्र ३०! एक मित्र खेळायला आलेला असतो आणि त्याचे दोन ठोकळे मागं राहिलेले असतात. आई ते परत देते, खिडकी लावून घेते आणि मित्राला येऊ देत नाही. तरी एके दिवशी २५ भरतात. खेळण्यांची पेटी बंद असते आणि डेनिस ती उघडू देत नाही. आई पेटीचं वजन करते. रिकाम्या पेटीचं वजन १६ औंस आणि एका ठोकळ्याचं ३ औंस, हे तिला ठाऊक असतं. दिसणारे ठोकळे, अधिक पेटीच्या वजनातून १६ वजा करून तीननं भागलेला आकडा. बेरीज पुन्हा २८. नंतर टबातल्या गढूळ पाण्याची पातळी वाढलेली दिसते, तर समीकरणात आणखी एक पद येतं. पाणी मुळात सहा इंच होतं आणि प्रत्येक ठोकळ्यानं पाव इंच चढतं.

इथवर मुलं रमलेली. आणि मग खरी गोष्ट येते. ऊर्जेच्या बाबतीत ठोकळे नाहीतच. आईच्या समीकरणातलं पहिलं पद, डोळ्यांना दिसणाऱ्या ठोकळ्यांचं, ते काढून टाका. उरतात फक्त हिशेबाची पदं. उंचीचं, गतीचं, उष्णतेचं, स्प्रिंगचं. प्रत्येकाचं सूत्र वेगळं, आणि बेरीज मात्र बदलत नाही. ऊर्जा म्हणजे नेमकं काय, हे आज भौतिकशास्त्रालाही सांगता येत नाही, असं ते अठरा वर्षांच्या मुलांना स्पष्ट सांगतात. माझ्या मते या वर्गाचं मर्म इथं आहे. शिक्षकाला जे ठाऊक नाही तेही अभ्यासक्रमाचा भाग होतं. मुलाला कळतं की आपण एका संपलेल्या विषयाची उजळणी करत नाही आहोत, आपल्यासाठीही काहीतरी शिल्लक आहे.

दुसऱ्या वर्षी त्यांनी एक व्याख्यान केवळ गंमत म्हणून दिलं. विषय होता न्यूनतम क्रियेचं तत्त्व. त्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या शाळेपासून केली. न्यूयॉर्कच्या फार रॉकअवे हायस्कूलमध्ये बेडर नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. हा मुलगा वर्गात कंटाळतो हे त्यांनी हेरलं, आणि एक दिवस तास संपल्यावर थांबवून त्याला एक गोष्ट सांगितली. चेंडू वर फेकला, ठरावीक वेळानं तो ठरावीक जागी आला. मधल्या वेळात तो हजार वाटांनी जाऊ शकला असता. प्रत्येक वाटेवर, दर क्षणाला, गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची आणि सगळ्याची बेरीज करायची. चेंडू प्रत्यक्षात ज्या वाटेनं जातो तिच्यावर ही बेरीज सर्वांत कमी भरते. उंच गेलं तर स्थितिज ऊर्जा वाढून बेरीज घटते, म्हणून चेंडूला वर जावंसं वाटतं. पण फार उंच जायचं तर वेळेत परतायला वेग वाढवावा लागतो आणि बेरीज पुन्हा फुगते. दोन्हींचा मेळ बसतो तिथं ती सुंदर कमान तयार होते. तास संपल्यावर सांगितलेली ही गोष्ट मुलाच्या मनात अशी रुजली की पुढं क्वांटम यांत्रिकीची स्वतःची मांडणी त्यानं याच क्रियेच्या आधारावर केली. तोच मुलगा आता खोली क्रमांक २०१ मध्ये फळ्यापाशी उभा राहून बेडर सरांचं नाव घेत होता.

शाळेच्या त्या शिक्षकानं एका मुलाला काही मिनिटं दिली होती. मला वाटतं, कॅलटेकचा दोन वर्षांचा हा सगळा खटाटोप म्हणजे तीच काही मिनिटं १८० मुलांना द्यायचा प्रयत्न होता.

ती १८० मुलं पोहोचली का तिथं? हा प्रश्न या वाटचालीतला सर्वांत नाजूक. पहिल्या वर्षीच परीक्षेच्या सुमारास, मागं पडत असलेल्या मुलांसाठी फाइनमन यांनी काही उजळणीची व्याख्यानं घेतली. २००६ साली ती वेगळ्या पुस्तकात छापली गेली. त्यांत गणितं कशी सोडवावीत हे तर आहेच, पण सुरुवातीला ते एका वेगळ्याच दुखण्याला हात घालतात. तुमच्यातला प्रत्येकजण आपापल्या शाळेत पहिला होता. इथं सगळेच पहिले आलेले, म्हणजे इथं निम्म्यांना सरासरीच्या खाली यावंच लागणार. हा साधा हिशेब आहे, त्यात तुमची बुद्धी कमी झालेली नाही. कसलाही आडपडदा न ठेवता, मायेनं हे त्यांनी मुलांना सांगितलं. तालुक्याच्या शाळेतून बोर्डात येऊन पुण्या-मुंबईच्या किंवा आयआयटीच्या वसतिगृहात पहिल्या सत्रात कोसळलेली मुलं मी पाहिली आहेत. हे चार शब्द त्यांना वेळेवर कुणी सांगितले असते, तर त्यातली काही टिकली असती, याबद्दल मला शंका नाही.

जून १९६३ मध्ये पुस्तकासाठी प्रस्तावना लिहिताना फाइनमन निराश होते. परीक्षांमधली उत्तरं पाहून, बहुसंख्य मुलांच्या दृष्टीनं हा प्रयोग जमला नाही, असं त्यांचं मत झालं होतं. एक-दोन डझन मुलांनी मात्र जवळपास सगळं आत्मसात केलं होतं आणि त्यांना त्यात आनंद वाटत होता, हेही त्यांनी नोंदवलं. पुढं डेव्हिड गुडस्टीन आणि गेरी नोयगेबाउअर या कॅलटेकच्याच दोन प्राध्यापकांनी लिहिलं की हळूहळू पहिल्या वर्षाची मुलं यायची कमी झाली आणि त्यांच्या जागी पदव्युत्तर विद्यार्थी व प्राध्यापक येऊन बसू लागले, त्यामुळं खोली भरलेलीच राहिली. त्या वर्गात बसलेल्या अनेकांना हे मान्य नाही. आम्ही होतो, शेवटपर्यंत होतो, असं त्यांनी पुढं आवर्जून लिहून ठेवलं आहे. मी त्या मुलांच्या बाजूचा आहे. चाळीस-पन्नास वर्षांनी जो माणूस आपण वर्गात बसलो होतो हे सांगायला पुढं येतो, त्याच्या मनात तो वर्ग अजून भरलेला असतो.

आणि एक उणीवही नोंदवायला हवी. त्या १८० जणांत एकही मुलगी नव्हती. कॅलटेकनं पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश दिला तो १९७० मध्ये.

परीक्षेतले गुण आणि विषयाची ओढ यांची चाल एक नसते. डग्लस ओशेरॉफ यांचं उदाहरण मला यासाठी फार बोलकं वाटतं. वॉशिंग्टन राज्यातल्या अॅबरडीन या छोट्या गावातला हा डॉक्टरांचा मुलगा कॅलटेकमधून १९६७ साली पदवीधर झाला. तो आला तेव्हा मूळ व्याख्यानं नुकतीच होऊन गेली होती, अभ्यासक्रम मात्र तोच चालू होता. नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मपर टिपणात त्यांनी म्हटलं आहे की आपल्याला ते सगळं समजलं असं म्हणता येणार नाही, पण भौतिकशास्त्राची आपली जाण घडवण्यात सर्वांत मोठा वाटा या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा होता. पुढं १९७१ साली कॉर्नेलमध्ये पीएच.डी. करताना ते हीलियम-३ थंड करत होते. तापमान केवल शून्याच्या वर एका अंशाच्या काही हजाराव्या भागाइतकं. दाबाची रेषा कागदावर उमटत होती आणि तिच्यात एक बारीकशी मोड आली. यंत्राचा दोष म्हणून कुणीही सोडून दिली असती. ओशेरॉफ यांनी सोडली नाही. ती अतिप्रवाहितेची खूण ठरली, आणि १९९६ चं नोबेल डेव्हिड ली, रॉबर्ट रिचर्डसन आणि ओशेरॉफ यांना विभागून मिळालं. नेहमीच्या हीलियमच्या अतिप्रवाहितेवर १९५० च्या दशकात फाइनमन यांनीही मूलभूत काम केलं होतं.

दोघांमध्ये आणखी एक धागा आहे. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं तेव्हा चौकशी आयोगात फाइनमन होते. रबराचं कडं बर्फाच्या पाण्यात बुडवून त्यांनी सगळ्यांदेखत दाखवून दिलं की थंडीत ते लवचीक राहत नाही. २००३ मध्ये कोलंबिया यान परतीच्या वाटेवर कोसळलं. आपली कल्पना चावला त्यात होती. त्या चौकशी मंडळात ओशेरॉफ होते.

पुढची वाटचाल थोडक्यात. तीन खंड १९६३ ते १९६५ या काळात निघाले, आणि १९६५ मध्येच फाइनमन यांना नोबेल मिळालं. त्यांनी हा अभ्यासक्रम पुन्हा पूर्ण शिकवला नाही, पण कॅलटेकमध्ये जवळजवळ दोन दशकं हेच खंड पाठ्यपुस्तक म्हणून राहिले. ते स्वतः ‘फिजिक्स एक्स’ नावाचा एक अनौपचारिक तास मात्र अनेक वर्षं घेत राहिले. नोंदणी नाही, गुण नाहीत, मुलांनी काहीही विचारावं. मार्च १९६४ मध्ये त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांपुढं ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षांवर एक पाहुणे व्याख्यान दिलं, फक्त भूमितीच्या आधारानं. ते खंडांत आलं नाही आणि विस्मरणात गेलं. पुढं त्याची टिपणं लेटन यांच्या कागदपत्रांत सापडली. डेव्हिड आणि संस्थेच्या पुराभिलेखागाराच्या प्रमुख ज्युडिथ गुडस्टीन या दांपत्यानं त्यावरून हरवलेलं सगळं व्याख्यान पुन्हा जुळवलं आणि १९९६ मध्ये छापलं. संस्था म्हणजे काय, हे मला अशा कामात दिसतं.

त्याच डेव्हिड गुडस्टीन यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गाला पुढचं वळण दिलं. ‘द मेकॅनिकल युनिव्हर्स’ ही ५२ भागांची दूरचित्रवाणी मालिका १९८५ पासून दाखवली जाऊ लागली. मग २०१३ मध्ये फाइनमन यांचे खंड सर्वांना मोफत वाचता येतील असे इंटरनेटवर खुले होऊ लागले. आता मूळ ध्वनिमुद्रणही तिथं ऐकता येतं.

कॅलटेकची एक रीत मला नेहमी सांगावीशी वाटते. तिथं बहुतेक परीक्षांचे पेपर मुलं खोलीवर घेऊन जातात. वेळ लावून एकट्यानं सोडवतात आणि आणून देतात. पहारा नाही. विद्यार्थ्यांच्या शब्दावर विश्वास, हा तिथला नियम. परीक्षेच्या दिवशी बाकाखाली वाकून चिठ्ठ्या शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

आणि एक आपला धागा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी १९८० च्या दशकात कॅलटेकला गेले आणि तिथंच खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथल्या वेधशाळांचं संचालकपद त्यांनी बारा वर्षं सांभाळलं. ज्यांच्या आग्रहातून ही संस्था घडली त्या जॉर्ज एलरी हेल यांच्याच नावाचं प्राध्यापकपद त्यांच्याकडं आलं. २०२४ चं शॉ पारितोषिकही त्यांना मिळालं. कुरुंदवाडच्या घाटावरचा कृष्णा-पंचगंगेचा संगम मी पाहिला आहे. तिथून माउंट विल्सनच्या पायथ्याशी जाणारी वाट कुणीतरी चालून गेलं आहे, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो.

माझ्याकडं तिन्ही खंडांची भारतीय आवृत्ती आहे. पहिला खंड मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत घेतला होता. त्याच्या बावन्न प्रकरणांपैकी निम्मी मला पहिल्या वाचनात कळली नाहीत. ती कळेपर्यंत अकरा-बारा वर्षं गेली. एक-दोन अजून कळायची आहेत. विद्यार्थ्यांना मी हे सांगत असे आणि ते चकित होत, कारण सरांना सगळं येतं असंच त्यांनी धरलेलं असायचं.

ओढ्यावर चार वेळा रांगेत आलेली ती मुलगी बी.एस्सी.ला जेमतेम दुसऱ्या वर्गात पास झाली. पुढं बी.एड. करून ती जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. गेल्या जूनमध्ये, मी निवृत्त झाल्याला चार वर्षं झाली असताना, तिचा फोन आला. नाव सांगितल्यावरही मला पटकन ओळख पटली नाही. तिनं ओढा म्हटल्यावर पटली.

“सर, आमच्या शाळेमागं तळं आहे,” ती म्हणाली. “मुलांना न्यायचं आहे. त्या चकत्या कुठं मिळतात?”

विकत कशाला घेतेस, मी म्हटलं. बंद पडलेला कॅल्क्युलेटर असेल तर त्याच्या पडद्यावरची पातळ पट्टी ब्लेडनं हलक्या हातानं सोलून काढ. मागं चिकटवलेलं असतं ते स्पिरिटनं पूस. दोन-तीन कॅल्क्युलेटर जमव, एखादी पट्टी फाटते. आणि सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, ऊन तिरपं हवं.

ती लिहून घेत होती. मला पेनाचा आवाज ऐकू येत होता.